पुनर्जनन, प्राण्यांतील : जीन-नियमन व क्रमविकास

प्राण्याच्या शरीराचा तुटलेला किंवा नष्ट झालेला भाग मूळच्या रचनेनुसार पुन्हा तयार होण्याच्या प्रक्रियेला पुनर्जनन म्हणतात. ही क्षमता प्राणिसृष्टीत अत्यंत असमान प्रमाणात आढळते. जलव्यालाच्या (हायड्राच्या) लहानशा तुकड्यापासून संपूर्ण प्राणी तयार होतो. सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याचा तुटलेला पाय अस्थी, स्नायू, तंत्रिका (मज्जातंतू) व त्वचा यांसह पुन्हा येतो. घरातील पालीची शेपटी तुटल्यावर पुन्हा वाढते पण नव्या शेपटीत मणक्यांच्या ऐवजी कूर्चेची (लवचिक व मऊ हाडासारख्या ऊतकाची) सलग नळी असते. मनुष्यात यकृताचे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह) भरून येते आणि लहान मुलांच्या बोटाचे तुटलेले टोकही काही वेळा पुन्हा वाढते. तथापि तुटलेल्या हाताच्या जागी जखम बुजून केवळ वण राहतो.

ज्या प्राण्यांत पुनर्जननाची क्षमता मोठी आहे त्यांच्याजवळ त्यासाठी खास जीन (आनुवंशिक लक्षणे एका पिढीतून पुढील पिढीत नेणारे घटक, जनुके) असावेत, अशी कल्पना सहज होते. सॅलॅमँडरांत असे काही वैशिष्ट्यपूर्ण जीन आढळलेही आहेत. परंतु अवयव घडविण्यास लागणारे बहुसंख्य जीन सॅलॅमँडर, मासा, उंदीर व मनुष्य यांत समानच आहेत; भ्रूणावस्थेत या सर्व प्राण्यांचे अवयव त्यांच्याच साहाय्याने बनतात. भेद मुख्यत्वे आहे तो इजा झाल्यावर हे जीन पुन्हा कार्यान्वित होतात की नाही, यात. म्हणजेच पुनर्जननातील विषमतेचे मूळ बव्हंशी जीनांच्या नियमनात आहे आणि हे नियमन क्रमविकासाच्या (उत्क्रांतीच्या) ओघात बदलत आले आहे.

ऐतिहासिक आढावा : फ्रेंच वैज्ञानिक रेओम्यूर यांनी १७१२ मध्ये कवचधारी जलचरांचे तुटलेले पाय पुन्हा येतात, हे पद्धतशीर निरीक्षणांनी दाखविले. आब्राआम ट्रँब्ले यांनी १७४० मध्ये हेग येथे जलव्याल ही वनस्पती आहे की प्राणी आहे, हे ठरविण्यासाठी त्याचे तुकडे केले. तेव्हा प्रत्येक तुकड्यापासून स्वतंत्र जलव्याल तयार झाला. त्यांचा यावरील ग्रंथ १७४४ मध्ये प्रसिद्ध झाला. इटालियन वैज्ञानिक लाद्झारो स्पाल्लान्त्सानी यांनी १७६८ मध्ये सॅलॅमँडराचे पाय व शेपटी यांच्या पुनर्जननाचे वर्णन केले. अमेरिकन प्राणिवैज्ञानिक टॉमस हंट मॉर्गन यांनी १९०१ मध्ये पुनर्जननावर एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. हेच मॉर्गन पुढे फलमाशीवरील (ड्रॉसोफिलावरील) संशोधनाकडे वळले आणि आनुवंशिकतेतील गुणसूत्रांच्या कार्याबद्दल त्यांना १९३३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच संशोधकाने हाताळलेले पुनर्जनन व आनुवंशिकी हे विषय त्यानंतर मात्र दीर्घकाळ जवळजवळ स्वतंत्रपणे वाढले. जीन-नियमनाचे ज्ञान प्रगत झाल्यावरच ते पुन्हा एकत्र आले.

जीन-नियमनाचे स्वरूप : शरीरातील जवळजवळ प्रत्येक कोशिकेत जीनांचा तोच संपूर्ण संच असतो. असे असूनही यकृताची कोशिका व तंत्रिका कोशिका यांत रूपाचे व कार्याचे साम्य नसते. कारण प्रत्येक प्रकारच्या कोशिकेत या संचातील निरनिराळे जीन कार्यान्वित असतात. फ्रान्स्वा झाकॉब व झाक मॉनो यांनी १९६१ मध्ये एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूतील दुग्धशर्करेच्या उपयोगाचा अभ्यास करून दाखविले की, काही जीन स्वतः एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) तयार न करता इतर जीनांचे कार्य चालू वा बंद करतात. या कार्याबद्दल त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासमवेत १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्राण्यांमधील नियमन याहून गुंतागुंतीचे असते. मनुष्याच्या कोशिकेतील डीएनएमध्ये (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लात) सु. ३ अब्ज क्षारक जोड्या व प्रथिनांची रचना ठरविणारे सु. २०,००० जीन असतात. परंतु प्रत्यक्ष प्रथिनरचना सांगणारा भाग एकूण डीएनएच्या २ टक्क्यांहूनही कमी आहे. उरलेल्या डीएनएमध्ये नियमन करणारे असंख्य लहान खंड विखुरलेले आहेत. त्यांतील ज्या खंडांमुळे एखाद्या जीनाचे कार्य सुरू होते वा वाढते त्यांना ‘वर्धक’ म्हणतात. पहिला वर्धक १९८१ मध्ये एका विषाणूच्या डीएनएमध्ये आढळला. वर्धक हा आपल्या जीनापासून दूर असला वा उलट्या दिशेने जोडलेला असला, तरी कार्य करतो. त्याच्यावर विशिष्ट नियामक प्रथिने येऊन बसली म्हणजे डीएनएला वळसा पडून तो जीनाजवळ येतो आणि जीनाची आरएनए प्रत (रिबोन्यूक्लिइक अम्लाच्या रूपातील नक्कल) तयार होऊ लागते. एकाच जीनाचे अनेक वर्धक असू शकतात. एक वर्धक तो जीन मेंदूत चालू करतो, दुसरा पायात, तर तिसरा केवळ इजा झाल्यावर. डीएनएवर मिथिल गट जोडले गेल्याने किंवा डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते त्यांत बदल झाल्याने वर्धक झाकला जाऊन निष्क्रियही होतो.

क्रमविकासातील महत्त्व : मेरी-क्लेअर किंग व ॲलन विल्सन यांनी १९७५ मध्ये असे दाखविले की, मनुष्य व चिंपँझी यांची प्रथिने सरासरीने ९९ टक्क्यांहून अधिक सारखी आहेत. दोहोंमधील शारीरिक भेद इतक्या अल्प फरकाने स्पष्ट होत नाहीत. म्हणून ते बहुतांशी जीन-नियमनातील बदलांमुळे झाले असावेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. प्रथिनात बदल झाल्यास ते शरीरात जेथे जेथे कार्य करते तेथे सर्वत्र परिणाम होतो व तो बहुधा घातक ठरतो. याउलट एका वर्धकातील बदलाचा परिणाम एकाच अवयवापुरता मर्यादित राहतो आणि म्हणून तो नैसर्गिक निवडीत टिकून राहण्याची शक्यता अधिक असते.

स्टिकलबॅक या माशांवरून हे स्पष्ट झाले आहे. त्यांच्या समुद्रातील प्रकारांना श्रोणिभागी (पोटाच्या मागील बाजूस) काटे असतात. हिमयुगानंतर गोड्या पाण्याच्या सरोवरांत अडकलेल्या अनेक समूहांत हे काटे नाहीसे झाले. त्यांच्यातील ‘पिटएक्स १’ या जीनाने बनणारे प्रथिन जसेच्या तसे राहिले आहे. मात्र तो जीन श्रोणिभागात चालू करणारा वर्धक गळून गेला आहे आणि निरनिराळ्या सरोवरांत तो स्वतंत्रपणे गळाला आहे. हा वर्धक व जीन २०१० मध्ये बिनकाट्याच्या माशांत घातल्यावर त्यांच्या श्रोणिभागातील सांगाड्याची पुन्हा वाढ झाली.

पायांच्या बाबतीत ‘झेडआरएस’ नावाचा वर्धक विशेष उद्‌बोधक आहे. मनुष्यात तो ‘सॉनिक हेजहॉग’ या जीनापासून सु. १० लाख क्षारक जोड्यांच्या अंतरावर आहे. भ्रूणातील पायाच्या अंकुरात मागील कडेस, म्हणजे करंगळीच्या बाजूस, हा जीन चालू करणे हे त्याचे कार्य होय. या वर्धकातील एखाद्या क्षारकाच्या उत्परिवर्तनाने (आकस्मिक बदलाने) मनुष्यास जादा बोटे येतात. सापांत हा वर्धक बिघडलेला आहे. उंदराच्या वर्धकाच्या जागी सापाचा वर्धक घातला असता उंदराचे पाय अत्यंत खुरटतात. मात्र अजगराच्या वर्धकात लोप पावलेल्या १७ क्षारक जोड्या पुन्हा घालून तो बसविल्यास उंदराला पूर्ण पाय येतात, असे २०१६ मध्ये आढळून आले.

पुनर्जननाची प्रक्रिया : सॅलॅमँडराचा पाय तुटल्यावर प्रथम अपित्वचेच्या (त्वचेच्या बाहेरील स्तराच्या) कोशिका जखमेवर सरकून ती झाकतात. तिच्याखालील ऊतकांतील कोशिका आपले विशेषित रूप काही अंशी सोडून विभागू लागतात आणि त्यांचा एक अंकुर बनतो. त्याला पुनर्जनन-अंकुर म्हणतात. या अंकुराची वाढ होण्यास तेथे तंत्रिका असणे आवश्यक असते. या अंकुरातील कोशिका कोणतेही ऊतक बनवू शकत असाव्यात, अशी पूर्वी समजूत होती; परंतु ॲक्झोलॉट्ल या मेक्सिकोतील सॅलॅमँडरावर केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून स्नायूपासून आलेल्या कोशिका स्नायूच बनवितात, म्हणजे कोशिकांना आपल्या उगमाची स्मृती असते, असे दिसून आले.

कोशिकांना आपल्या स्थानाचीही स्मृती असते. ॲक्झोलॉट्लाच्या प्रौढ पायात करंगळीच्या बाजूच्या कोशिकांमध्ये ‘हँड २’ हा जीन अल्प प्रमाणात सतत चालू राहतो. इजा झाली म्हणजे त्याचे कार्य वाढते व त्यामुळे ‘सॉनिक हेजहॉग’ जीन चालू होतो, असे २०२५ मध्ये सिद्ध झाले. अशा रीतीने भ्रूणावस्थेत पाय घडविणारे संकेत पुनर्जननात पुन्हा उपयोगात आणले जातात.

पुनर्जनन-वर्धक : भारतातील ओढ्यांत व भातशेतांत आढळणारा झेब्रा मासा हा या संशोधनातील एक प्रमुख प्राणी आहे. त्याच्या हृदयाच्या निलयाचा (रक्त पंप करणाऱ्या कप्प्याचा) सु. २० टक्के भाग कापून काढला, तरी सु. दोन महिन्यांत हृदय पूर्ववत होते, असे २००२ मध्ये दाखविण्यात आले. हृदयात शिल्लक राहिलेल्या स्नायुकोशिकाच विभागून ही भर घालतात. या माशात ‘लेप्टिन बी’ या जीनाजवळ २०१६ मध्ये असा एक वर्धक सापडला की, तो एरव्ही जवळजवळ निष्क्रिय असतो. मात्र पर किंवा हृदय यांना इजा झाल्यावर त्या जागी कार्य करू लागतो. हा खंड नवजात उंदरांत घातला असता इजा झालेल्या पंजात व हृदयात तोही सक्रिय झाला. यावरून इजेचा संकेत ओळखून वर्धक चालू करणारी प्रथिने सस्तन प्राण्यांतही शिल्लक आहेत, हे दिसून येते.

क्रमविकासातील या वर्धकांचे स्थान तपासण्यासाठी झेब्रा मासा व आफ्रिकेतील अल्पायुषी किलिफिश यांची तुलना करण्यात आली. पावसाळी डबक्यांत राहणारा किलिफिश काही महिनेच जगतो, तरी त्याचा पर पुन्हा येतो. या दोन माशांचे वंश सु. २३ कोटी वर्षांपूर्वी विभक्त झाले. पुनर्जननाच्या वेळी सक्रिय होणारे त्यांचे बहुतेक वर्धक भिन्न असून थोडेच समान आहेत, असे २०२० मध्ये आढळले. समान गटातील ‘इनहिबिन बीटा ए’ या जीनाचा वर्धक किलिफिशातून काढून टाकल्यावर त्याच्या परांचे व हृदयाचे पुनर्जनन बिघडले. जखम भरून काढणे व अवयव पुन्हा घडविणे या दोन्ही आज्ञा प्राचीन पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेल्या) प्राण्यांच्या वर्धकांत एकत्र असाव्यात आणि काही वंशांत त्यांपैकी दुसरी आज्ञा लोप पावली असावी, असे अनुमान यावरून काढण्यात आले आहे.

क्षमतेचा ऱ्हास : पुनर्जननाची क्षमता गमावलेल्या प्राण्यांत ती यंत्रणा समूळ नष्ट झालेली असतेच असे नाही. प्लॅनेरिया या चपट्या कृमींच्या अनेक जाती कोणत्याही तुकड्यापासून पूर्ण शरीर बनवितात. त्यांच्यात ‘विंट’ नावाच्या संकेतमार्गाची पातळी उच्च असेल तेथे शेपटी व नीच असेल तेथे डोके तयार होते. काही जातींच्या, उदा., डेंड्रोसीलम लॅक्टियम हिच्या, शरीराचा मागील तुकडा मात्र डोके बनवू शकत नाही व मरतो. अशा तीन निरनिराळ्या जातींत हा संकेतमार्ग कृत्रिम रीतीने दाबल्यावर मागील तुकड्यांना डोकी आली, असे २०१३ मध्ये तीन स्वतंत्र संशोधक-गटांनी दाखविले. क्रमविकासात लुप्त झालेली क्षमता एकाच संकेतमार्गातील फेरफाराने परत आणता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

एकाच प्राण्याच्या आयुष्यातही असा ऱ्हास होतो. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या भैकेराचा (टॅडपोलचा) नुकताच फुटलेला पाय कापल्यास तो पुन्हा येतो. पूर्ण वाढीच्या बेडकात मात्र बोटे नसलेला कूर्चेचा खुंट वाढतो. अशा बेडकांच्या खुंटात ‘सॉनिक हेजहॉग’ जीन चालू होत नाही आणि त्याचा वर वर्णिलेला पायातील वर्धक मिथिल गटांनी मोठ्या प्रमाणात झाकलेला असतो, असे २००७ मध्ये आढळले. म्हणजे सापात जो वर्धक उत्परिवर्तनांनी निकामी झाला तोच प्रौढ बेडकात शाबूत असूनही मिटलेला असतो. फलमाशीच्या अळीत पंखाच्या पूर्वांकुराला इजा झाल्यास चालू होणारा ‘विंट’ जीनांचा एक वर्धक अळीचे वय वाढताच अशाच प्रकारे बंद केला जातो. त्याच्या लगतच्या भागावर नेहमीची वाढ अवलंबून असते, तो भाग मात्र चालू राहतो. उंदराच्या पिलाचे हृदय जन्मानंतर पहिल्या दिवशी इजेतून पूर्णपणे सावरते. सातव्या दिवशी तीच इजा केल्यास तेथे वण पडतो, असे २०११ मध्ये दिसून आले.

ही उपयुक्त क्षमता टिकून का राहिली नाही, याची अनेक कारणे सुचविण्यात आली आहेत. उष्ण रक्ताच्या प्राण्यास रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांपासून बचावासाठी जखम त्वरित बुजविणे अधिक हितावह असते. दुसरे कारण कर्करोगाशी निगडित आहे. पुनर्जननात विशेषित कोशिकांचे पुन्हा विभाजन होते. दीर्घायुषी व मोठ्या शरीराच्या प्राण्यात अशी मोकळीक धोक्याची ठरते. सस्तन प्राण्यांत अनियंत्रित विभाजन रोखणारे ‘एआरएफ’ हे प्रथिन असते. माशांत ते नाही. मनुष्याचा हा जीन झेब्रा माशात घातला असता त्याच्या सामान्य वाढीत बाधा आली नाही. परंतु पराचे पुनर्जनन थांबले, असे २०१५ मध्ये आढळले. कर्करोगापासून मिळणाऱ्या संरक्षणाची किंमत म्हणून पुनर्जनन-क्षमता कमी झाली असावी, या मताला यामुळे पुष्टी मिळते. तथापि हा प्रश्न अद्याप निर्णायकपणे सुटलेला नाही.

रेटिनॉइक अम्ल व सस्तन प्राणी : अ जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनॉइक अम्ल तयार होते. हे अम्ल कोशिकेतील विशिष्ट ग्राहक प्रथिनांशी संयोग पावते व ती प्रथिने थेट डीएनएवर बसून जीनांचे नियमन करतात. या संशोधनात भारतीय वैज्ञानिकांचा महत्त्वाचा वाटा आहे. नियाझी व सक्सेना यांनी १९७८ मध्ये भेकाच्या भैकेरांना अ जीवनसत्त्व अधिक प्रमाणात दिल्यास त्यांच्या कापलेल्या मागील पायांचे पुनर्जनन विकृत होते, असे प्रसिद्ध केले. ओरिसातील (सध्याच्या ओडिशातील) प्रियंवदा मोहंती-हेजमाडी व त्यांचे सहकारी यांना १९९२ मध्ये त्याहूनही विलक्षण गोष्ट आढळली : उपेरोडॉन सिस्टोमा या भारतीय बेडकाच्या भैकेरांची शेपटी कापून त्यांना अ जीवनसत्त्व दिले असता शेपटीच्या जागी पाय उगवले. केवळ एका रासायनिक संकेताने एका अवयवाच्या जागी संपूर्ण दुसऱ्या अवयवाचा जीन-कार्यक्रम सुरू होऊ शकतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

हेच अम्ल सस्तन प्राण्यांतही निर्णायक असल्याचे पुढे दिसून आले. सशाच्या कानाच्या पाळीस पाडलेले भोक कूर्चेसह भरून येते. उंदराच्या कानाचे भोक मात्र तसेच राहते. बीजिंग येथील संशोधकांनी २०२५ मध्ये याचे कारण शोधून काढले. रेटिनॉइक अम्ल तयार करणाऱ्या एंझाइमाचा जीन दोहोंतही आहे. परंतु इजेनंतर तो चालू करणारे वर्धक सशात सक्रिय, तर उंदरात निष्क्रिय झालेले आहेत. उंदराला रेटिनॉइक अम्ल बाहेरून दिल्यावर त्याच्या कानाचे पुनर्जनन झाले आणि सशाचा एक वर्धक उंदराच्या डीएनएमध्ये घातल्यावरही पुनर्जननास चालना मिळाली.

वैद्यकीय महत्त्व : हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायुकोशिकांची जागा मनुष्यात वण घेतो, मेरुरज्जूची इजा बहुधा कायमचे पंगुत्व आणते आणि दृष्टिपटलातील नष्ट झालेल्या तंत्रिका कोशिका पुन्हा येत नाहीत. या व्याधींवर नवे जीन घालण्याऐवजी शरीरात असलेले जीन योग्य जागी व योग्य वेळी जागृत करणे, ही उपचाराची नवी दिशा आहे. झेब्रा माशाचा पुनर्जनन-वर्धक निरुपद्रवी विषाणूच्या साहाय्याने उंदराच्या शरीरात पोहोचवून हृदयाला इजा झालेल्या ठिकाणीच विभाजनास चालना देणारे प्रथिन निर्माण करण्यात व हृदयाचे कार्य सुधारण्यात २०२३ मध्ये यश आले. मनुष्यावर असे उपचार करण्यापूर्वी चालू केलेला वर्धक काम संपताच बंद होईल, याची खात्री असणे आवश्यक आहे. कारण न थांबणारे कोशिका-विभाजन हाच कर्करोग होय. सॅलॅमँडराच्या बाबतीत पाय पुन्हा उगवणे जितके विस्मयकारक आहे, तितकेच तो पूर्ण आकाराचा होताच त्याची वाढ थांबणेही महत्त्वाचे आहे. या विरामाचे नियमन समजणे हे पुनर्जननाच्या संशोधनापुढील एक प्रमुख कार्य आहे.